परवानगी हैदराबादची, शाळा सोयगावची

अजिंठ्याचा डोंगर औरंगाबाद जिल्ह्याला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला, उत्तरेकडून आडवा छेदून जातो. जिल्ह्याचा बहुतेक मुलूख डोंगराच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या खोऱ्यात आहे. सोयगाव मात्र घाटाखाली. इथलं पाणी वाघूरसारख्या नद्यांनी तापीकडे वाहतं, बोलण्यात खानदेशी वळण येतं, आणि बाजारहाटाला माणसं पिढ्यानपिढ्या शेंदुर्णी, पहूर, पाचोरा, जामनेरकडे जात आली. फर्दापूरहून जळगाव साठेक किलोमीटर, जिल्ह्याचं मुख्यालय मात्र सिल्लोडवरून घाट चढून शंभराच्या आसपास. भूगोलाने खानदेशाशी आणि कारभाराने मराठवाड्याशी बांधलेल्या या तालुक्यात सरकारी शाळा कशी आली, कशी रुजली आणि आज तिची ताकद का ओसरते आहे, हे पाहायचं तर दर पिढीला एकच प्रश्न विचारावा लागतो. शाळेचा निर्णय कोण घेत होतं, आणि तो घेणारा गावापासून किती लांब बसला होता?

सोयगाव १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. पहिले सालारजंग दिवाण असताना, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर, संस्थानात सरकारी शिक्षणाची पहिली घडी बसवली गेली. तालुक्याच्या ठिकाणी शाळा काढायच्या, एक फारसीची आणि एक स्थानिक भाषेची, असा तो आराखडा होता. म्हणजे सुरुवातच तालुक्यापासून झाली. खेड्याचा विचार त्यात नव्हता. पुढे उर्दू ही राजभाषा झाली आणि शाळांच्या पायऱ्यांना तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशी नावं पडली: प्राथमिक, माध्यमिक आणि हायस्कूल. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ही नावं अगदी अलीकडेपर्यंत ऐकू येत. तहतानियात मातृभाषेतून शिकायला मुभा होती, पण त्याच्या वर चढायचं तर उर्दूतून. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं. भारतीय भाषेतून थेट पदवीपर्यंतचं शिक्षण देणारा तो मोठा आणि धाडसी प्रयोग होता, हे मान्य केलंच पाहिजे. पण ती भाषा उर्दू होती. घाटाखालच्या कुणब्याच्या, बंजाऱ्याच्या, भिल्लाच्या घरात ती बोलली जात नव्हती. चौथीनंतर शिकणं म्हणजे एका नव्या भाषेत पुन्हा पहिलीपासून उभं राहणं. बहुतेकांनी तिथेच पाटी खाली ठेवली, आणि पाटी हातात घेतलेलेच मुळात थोडे होते.

याच तालुक्यात, फर्दापूरजवळ लेणापूरच्या शिवारात, अजिंठ्याची लेणी आहेत. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने ती पाहिली आणि बाहेरच्या जगाला त्यांची खबर लागली. निजाम सरकारने १९१४ साली पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम याझदानी यांच्यासारखा विद्वान त्याच्या प्रमुखपदी नेमला, १९२०च्या सुमारास चित्रं वाचवण्यासाठी थेट इटलीहून कारागीर बोलावले. याझदानींचे अजिंठ्यावरचे ग्रंथ पुढे जगभर नावाजले गेले. ते काम मोलाचंच होतं. त्याने चित्रं वाचली. पण त्यातून एक गोष्टही सिद्ध होते. हैदराबादच्या दरबाराला सोयगाव दिसत नव्हतं असं नाही. तिथवर रस्ता नेता येत होता, पाहुण्यांसाठी बंगला बांधता येत होता, परदेशातून माणसं आणता येत होती. लेण्याच्या पायथ्याच्या गावातल्या मुलांसाठी शाळा काढणं हे तेवढ्या तातडीचं वाटलं नाही, इतकंच.

शेजारचा मुलूख इंग्रजी अंमलाखाली होता. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि जळगावचा भाग पूर्व खानदेश म्हणून ओळखला जाऊ लागला. तिथे जिल्हा लोकल बोर्डं होती. मुंबई इलाख्याच्या १९२३च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार या बोर्डांच्या हाती दिला. बोर्डांचा पैसा तुटपुंजा होता, मतदार मोजके होते, सगळ्या गावांत शाळा पोचल्याही नव्हत्या. तरी शाळेसाठी अर्ज करायचा तर जळगावी बसलेल्या बोर्डाकडे करता येत होता, आणि बोर्डात आपल्या ओळखीचा एखादा माणूस सापडत होता. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी मुलांना शिकवत होते. त्याच पूर्व खानदेशात, फैजपूरसारख्या खेड्यात, १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. सोयगावच्या सीमेपासून हे सगळं फार लांब नव्हतं. ज्या घरांना परवडत होतं, त्यांनी मुलांना नातेवाइकांकडे ठेवून खानदेशात शिकवायची वाट धरली. संस्थानाच्या सगळ्याच सीमांवर हे घडत होतं. उरलेल्यांची मुलं गुरं वळायला गेली.

सरकार शाळा काढत नसेल तर लोकांनी काढाव्यात, हा मार्गही सोपा ठेवला नव्हता. १९२४ साली निजाम सरकारने खासगी शाळांसाठी नियम केले. सरकारची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय कोणालाही शाळा काढता येणार नाही, चालवता येणार नाही. आखाड्यांवरही असेच निर्बंध आले. देवळाच्या ओसरीत, वाड्याच्या पडवीत चालणाऱ्या पंतोजींच्या गावठी शाळाही या नियमात अडकल्या, आणि थोड्याच वर्षांत संस्थानभर अशा शाळांची संख्या झपाट्याने घसरली. मराठवाड्याच्या मागासलेपणाची कारणं सांगताना आपण दुष्काळ सांगतो, जमिनी सांगतो, जहागिरी सांगतो. या नियमाचं नाव क्वचितच निघतं. माझ्या मते ते पहिल्या ओळीत यायला हवं. दुष्काळ पाऊस पडला की संपतो. परवानगीची सक्ती मात्र गावाची स्वतः काही उभं करण्याची सवयच मोडून टाकते, आणि ती सवय पुन्हा लागायला पिढ्या जातात.

त्यातूनही मराठवाड्यात काही शाळा जिद्दीने उभ्या राहिल्या. औरंगाबादेत १९१५ साली सरस्वती भुवन निघालं. हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांनी तिची धुरा वाहिली. अंबाजोगाई, सेलू, नांदेडमध्येही अशाच संस्था वाढल्या. हैदराबाद मुक्तिलढ्याचे कार्यकर्ते या वर्गांतून घडले. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी विद्यार्थ्यांनी जो संप केला, त्याची ठिणगीही औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात पडली. कॉलेजातून काढलेल्या कितीतरी मुलांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. पण या साऱ्या संस्था शहरांत किंवा मोठ्या गावांत होत्या. सोयगाव तर बराच काळ पूर्ण तालुकाही नव्हता, नुसता महाल होता. सावळदबारा, बनोटी, गोंदेगाव, जरंडी या गावांपर्यंत त्यातलं काही उतरलं नाही.

सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात आलं. अडीच वर्षांनी झालेल्या १९५१च्या जनगणनेत हैदराबाद राज्याची साक्षरता शंभरात जेमतेम नऊ निघाली. त्यातून हैदराबादसारखं शहर वजा केलं, मग बायका वेगळ्या मोजल्या, मग डोंगरपट्टा वेगळा काढला, तर घाटाखालच्या खेड्यात सही करू शकणारी बाई सापडणं किती अवघड असेल, याचा अंदाज करता येतो.

पुढची आठ-दहा वर्षं धांदलीची गेली. माध्यम उर्दूवरून मराठीवर आलं. पण मराठीतून शिकवणारे मास्तर आणायचे कुठून? मराठवाड्यात मॅट्रिक झालेली माणसं मोजकी, त्यातली पुष्कळशी उर्दूतून शिकलेली. खानदेशातून, वऱ्हाडातून, पश्चिम महाराष्ट्रातून शिक्षक आले. एकशिक्षकी शाळा निघाल्या. मारुतीच्या देवळात, चावडीत, कोणाच्या तरी गोठ्याशेजारच्या खोलीत वर्ग भरू लागले. एकच गुरुजी चार वर्गांना चार कोपऱ्यांत बसवून शिकवायचे. औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली कॉलेज सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलं. या कॉलेजाच्या नागसेनवन परिसरात शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी पुढच्या दशकांत मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत खडू हातात घेतला. ज्यांच्या आजोबांना देवळाच्या पायरीवर उभं राहता येत नव्हतं, त्यांना गाव गुरुजी म्हणू लागलं. याचा इतिहास अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही.

१९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ झालं, १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं. सोयगावच्या दृष्टीने राजधानी हैदराबादहून मुंबईला गेली. लांबी तशीच राहिली.

ती तोडली १९६२ने. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली देशभर लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली होती. महाराष्ट्राने त्यावर विचार करायला १९६० साली तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मेहता समितीचा भर तालुका पातळीवर होता. नाईक समितीने खरी सत्ता जिल्ह्याला द्यावी असं सुचवलं. जिल्हा हा घटक पैसा, तंत्रज्ञ आणि माणसं पेलण्याइतका मोठा आहे आणि लोकांच्या आवाक्यात राहण्याइतका लहानही, असा तो विचार होता. १९६१ साली कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रभर जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शिक्षण त्यांच्या हाती आलं. नाईक स्वतः पुसद तालुक्यातल्या गहुली या बंजारा तांड्यावर वाढलेले. तांड्याला शाळा नसणं म्हणजे काय, हे अहवाल लिहिणाऱ्या माणसाला पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

मुंबई राज्याच्या जुन्या जिल्ह्यांत शाळांचा कारभार आधीपासून जिल्हा पातळीवरच्या मंडळांकडे होता, त्यामुळे तिथे हा बदल एका स्थानिक संस्थेकडून दुसरीकडे असा झाला. मराठवाड्यात मात्र शाळा थेट सरकारी खात्याच्या होत्या. शिक्षकाची नेमणूक, बदली, खोलीची दुरुस्ती, सगळं खात्यातून यायचं. १९६२ साली पहिल्यांदाच सोयगावच्या माणसाला असा एक सदस्य मिळाला, ज्याला तो मत देत होता आणि जो शिक्षण समितीत बसून विचारू शकत होता की आमच्या गावाला दुसरा गुरुजी का नाही. पंचायत समिती सोयगावात, जिल्हा परिषद औरंगाबादेत. घाट चढावा लागत होता, पण हैदराबादची किंवा मुंबईची गाडी पकडावी लागत नव्हती.

मराठवाड्याच्या वाट्याला आणखी एक वेगळं दान आलं. निजामी राजवटीत आणि नंतरच्या हैदराबाद राज्यात सरकारी हायस्कुलं होती. जिल्हा परिषदा झाल्यावर तीही त्यांच्याकडे आली. आज मराठवाड्यात गावोगाव 'जिल्हा परिषद प्रशाला' अशी पाटी दिसते. सातारा-सांगलीच्या माणसाला ती नवी वाटते, कारण तिकडे चौथी किंवा सातवीपर्यंत जिल्हा परिषद आणि आठवीपासून रयत किंवा दुसरी एखादी खासगी अनुदानित संस्था, अशीच रीत. मराठवाड्यात पहिलीत गेलेलं पोर दहावीपर्यंत सरकारी शाळेतच राहू शकत होतं. जिथे शिक्षणसंस्था काढायला धनिक नव्हते, साखर कारखाने नव्हते, परंपरा नव्हती, तिथे या प्रशालांनी मॅट्रिकची दारं उघडी ठेवली. उर्दू माध्यमाच्या शाळाही जिल्हा परिषदेने चालू ठेवल्या. निजामी वारशातलं जे लोकांच्या गरजेचं होतं, ते टिकलं आणि सक्तीचं होतं ते गेलं. मुक्तीनंतरच्या काळातला हा मला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

मात्र या रचनेत एक गाठ पहिल्या दिवसापासून होती. अमेरिकेत शाळांसाठी वेगळे जिल्हेच असतात. त्यांची निवडलेली मंडळं असतात आणि बहुतेक ठिकाणी ती शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून भागवतात. त्यात श्रीमंत उपनगराची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब, असा मोठा अन्याय होतो. आपण ती वाट घेतली नाही. शिक्षकांचे पगार राज्याने द्यायचे, कारभार जिल्ह्याने बघायचा. यामुळेच सोयगावसारख्या कोरडवाहू तालुक्यालाही बारामतीइतक्याच पगाराचा शिक्षक मिळू शकला, ही मोठी गोष्ट. पण निर्णय खाली आला तरी थैली वरच राहिली. ज्याच्या हाती थैली, तो कधी ना कधी निर्णयही परत मागणार होता.

साठ आणि सत्तरच्या दशकांत ते जाणवलं नाही, कारण काळ वाढीचा होता. सातारा जिल्ह्यात १९५९ साली सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम राज्यभर पसरली. रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढांचे वर्ग भरत, गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ होई, त्यात सासू आणि सून एकाच फळ्यासमोर बसून सही शिकत. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या मुलांना फी माफ झाली. मग १९७२चा दुष्काळ आला. मराठवाड्यात खडी फोडायला घरंच्या घरं गेली, मुलं कामावर आईच्या मागे गेली, आणि जिथे सुकडी वाटली जात होती तिथे ती रांगेत उभी राहिली. पुष्कळ मुलांची शाळा त्या वर्षी सुटली ती कायमची. रोजगार हमीने माणसं जगवली. हुकलेलं वर्ष मुलांना कोणी परत दिलं नाही.

१९८१ साली औरंगाबादमधून जालना जिल्हा वेगळा निघाला. परिषदेचा पसारा आटला, सोयगाव होतं तिथेच, उत्तरेच्या टोकाला. टोकाच्या तालुक्यात बदली म्हणजे शिक्षा, असं मानणारे कर्मचारी तेव्हाही होते आणि आजही आहेत. काही गुरुजी गावात घर करून राहिले, पोरांना घाटातून चालत केंद्रपरीक्षेला नेलं, आणि त्यांची नावं गावात अजून आदराने घेतली जातात. काही मात्र पाचोऱ्याहून किंवा सिल्लोडहून अप-डाऊन करत राहिले. बस चुकली की शाळा बुडाली. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही सांगायला हवं, कारण मुलांच्या हाती काय पडलं हे शेवटी यावरच ठरलं.

नव्वदच्या दशकात दुसरी मोठी लाट आली. १९९४ साली केंद्राने जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू केला. डीपीईपी या आद्याक्षरांनीच तो शाळांत ओळखला जात होता. महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी होते. पाचही मराठवाड्यातले. मुलींच्या साक्षरतेत मागे असलेले जिल्हे निवडायचे, हा निकष होता, आणि तो या पाचही जिल्ह्यांना लागू पडला. या पैशातून खोल्या झाल्या, शिक्षकांची प्रशिक्षणं झाली, केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही व्यवस्था बळावली. त्याआधी खडू-फळा मोहिमेने एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक आणि किमान साहित्य द्यायला सुरुवात केली होती. १९९२पासून मागास घटकांतल्या मुलींना हजेरीमागे रोज एक रुपया मिळू लागला. रुपया ही रक्कम आज क्षुल्लक वाटेल, पण मुलीला धाकट्या भावंडांपाशी घरी ठेवायचं की शाळेत पाठवायचं, या घरातल्या वादात त्या रुपयाने मुलीची बाजू घेतली.

१९९५च्या १५ ऑगस्टला पोषण आहार योजना सुरू झाली. आधी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला आणि मग शाळेत खिचडी शिजू लागली. कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटेच शेतावर गेलेली असते. अशा घरातल्या पोराला दुपारचं गरम जेवण शाळेत मिळणं, हे त्याला वर्गात टिकवायला कोणत्याही अध्यापन पद्धतीपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

याच काळात वस्तीशाळा निघाल्या. सोयगावच्या डोंगरकुशीत बंजारा तांडे आहेत, भिल्ल आणि तडवी वस्त्या आहेत. नाला ओलांडून मूळ गावच्या शाळेत जायला सहा वर्षांचं लेकरू धजत नाही, आणि पावसाळ्यात आई पाठवत नाही. मग वस्तीतल्याच बारावी झालेल्या मुलाला किंवा सुनेला नेमायचं, झाडाखाली किंवा छपरात वर्ग भरवायचा. मानधन अगदी तुटपुंजं. पण शिकवणारा तांड्याची बोली बोलणारा होता. गोरमाटी ही बंजारा बोली बोलणाऱ्या घरात वाढलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी पुस्तकी मराठीला सामोरं जावं लागत नव्हतं. उर्दूच्या भिंतीने जे एकेकाळी मराठी मुलांचं केलं होतं, तेच प्रमाण मराठी तांड्यावरच्या मुलांचं करत होती, आणि त्यावरचा उपाय या निमशिक्षकांनी कोणी न सांगता शोधला. पुढे या शाळा नियमित प्राथमिक शाळा झाल्या. शिक्षकांना नियमित व्हायला २०१४ उजाडलं.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्याखालच्या राज्याच्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असं ठरवलं. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ७९ टक्क्यांच्या आसपास पोचली होती. हैदराबाद राज्याच्या शंभरात नऊपासून इथवर साठ वर्षांत. हे काम खडू धरणाऱ्यांनी केलं आणि त्यांचा मालक जिल्हा परिषद होती.

आणि नेमकं इथूनच पट घसरायला लागला. कारणं एकाहून अधिक आहेत. कुटुंबं लहान झाली. माणसं वाळूजच्या कारखान्यांकडे, जळगावकडे, सुरतेकडे गेली. औरंगाबाद शहराभोवतीच्या नव्या वसाहतींतल्या परिषदेच्या शाळांवर मुलांचा भार वाढला आणि डोंगरातल्या शाळा ओस पडू लागल्या. राज्याने २००० साली पहिलीपासून इंग्रजी विषय आणला, तरी पालकांना इंग्रजी माध्यमच हवं होतं. स्वयंअर्थसहाय्यित शाळांना मोकळीक देणारा कायदा आला आणि पिवळ्या गाड्या खेड्यांच्या वेशीवर येऊन मुलं उचलू लागल्या. २०११च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, बोगस पट उघडे पडले, आणि प्रामाणिकपणे चालणाऱ्या शाळांवरही संशयाची सावली पडली. शिक्षकभरती तर कितीतरी वर्षं थांबलेलीच होती.

पट घसरण्याइतकाच महत्त्वाचा दुसरा बदल गाजावाजा न होता झाला. निर्णय पुन्हा वर जाऊ लागले. मुलांची नोंद राज्याच्या संगणक प्रणालीवर, त्यावरून संचमान्यता, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक हे ठरणार पुण्या-मुंबईत. फेब्रुवारी २०१७च्या शासन निर्णयाने जिल्ह्यांतर्गत बदल्याही ऑनलाइन झाल्या, भरती पवित्र पोर्टलवर गेली. यात भलं झालं हेही सांगितलं पाहिजे. बदल्यांतला वशिला आणि भरतीतला पैसा हा जिल्हा परिषदांवरचा जुना डाग होता. तो पुसायला हा उपाय आला आणि त्याने पुष्कळ शिक्षकांना न्याय मिळाला. पण तांड्यावरच्या शाळेत गोरमाटी समजणारा शिक्षक हवा, ही गोष्ट प्रणालीच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. शिक्षण समितीतल्या सदस्याला ती सांगता येत होती. आणि मार्च २०२२मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. १९६२ साली मिळालेला, आपण ज्याला मत दिलं असा माणूस त्या काळात समितीत नव्हता.

या पडझडीतही जिल्ह्याने काही विलक्षण पाहिलं. औरंगाबाद तालुक्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ साली मुलांना विचारलं की परकी भाषा शिकायची तर कोणती. बहुतेकांनी जपानी निवडली, कारण त्यांना रोबो आणि यंत्रांबद्दल कुतूहल होतं. शाळा, गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र आले आणि इंटरनेटच्या आधाराने वर्ग सुरू झाले. खेड्यातली मुलं एकमेकांशी जपानीत बोलू लागली. अजिंठ्याला येणारे जपानी यात्रेकरू आणि लेण्यांच्या जतनासाठी जपानने दिलेलं कर्ज आठवलं, तर असा वर्ग फर्दापूरलाही किती शोभेल, हा विचार मनात येतोच. गाडीवाटला हे झालं कारण शाळेने स्वतः ठरवलं, आणि ठरवायला तिला कोणी अडवलं नाही.

कोरोनाच्या साथीत 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा होती. घाटाखालच्या वस्त्यांत मोबाइलला रेंज नव्हती, तिथे ती पोचली नाही. पण त्याच काळात फी न परवडल्याने काही मुलं खासगी शाळांतून परत आली. देशभरच्या असर सर्वेक्षणानेही २०२१ साली सरकारी शाळांतला पट वाढल्याचं नोंदवलं. परतलेली मुलं टिकवायची तर शाळेत पुरेसे शिक्षक हवेत, एवढीच अट होती.

त्याऐवजी २०२३च्या सप्टेंबरमध्ये समूहशाळेचा प्रस्ताव आला. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायची आणि मुलांना गाडीने आणायचं. सरकारच्याच आकडेवारीनुसार अशा शाळा राज्यात १४,७८३ होत्या आणि त्यांत १,८५,४६७ मुलं शिकत होती. त्याआधी २०१७च्या डिसेंबरमध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं होतंच. मोठ्या शाळेत मैदान असेल, वाचनालय असेल, प्रत्येक वर्गाला शिक्षक असेल, हा युक्तिवाद खोटा नाही. एका खोलीत चार इयत्ता शिकवणाऱ्या गुरुजींची ओढाताण कोणालाही दिसेल. पण हे गणित सपाट मुलखाचं आहे. सावळदबाऱ्याच्या किंवा बनोटीच्या बाजूच्या वस्तीवरून मूल गाडीने न्यायचं तर आधी गाडी जाईल असा रस्ता हवा, तो जुलै-ऑगस्टात टिकायला हवा, आणि गाडी न आलेल्या दिवशी त्या मुलाला, त्यातही मुलीला, शाळेत कोण पोचवणार हे आधी लिहून ठेवायला हवं. वस्तीवरची शाळा एकदा बंद झाली की सगळ्यांत आधी मुली घरी बसतात. वस्तीशाळा काढल्या तेव्हा हेच कारण सरकारने स्वतः दिलं होतं.

शाळा बंद करायची किंवा ठेवायची, हे ठरवण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि ग्रामसभेचं म्हणणं ऐकलं पाहिजे, आणि त्या शिवारात उभं राहून अंतर मोजलं पाहिजे. १९६१च्या कायद्याने हे काम जिल्ह्याला दिलं होतं. ते जिल्ह्याकडेच राहू द्यावं, आणि त्यासोबत थैलीचा काही भागही खाली यावा, ही मागणी आज सोयगावसारख्या प्रत्येक टोकाच्या तालुक्याने करायला हवी. पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर तांड्यांच्या शाळांचे पट आहेत, कुठल्या ओढ्याला पूर येतो हे केंद्रप्रमुखांना ठाऊक आहे, आणि कोणत्या घरातली मुलगी यंदा पाचवीनंतर थांबणार, हे अंगणवाडीच्या ताई कोणत्याही प्रणालीच्या आधी सांगू शकतात.